पेढा विकतचा चालतो, मग पुरणपोळी का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होळी झाल्यावर आपल्या वाचकांच्या पत्रांत पुण्याच्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. हल्लीच्या सुना-मुलींना पुरण घालायचा कंटाळा येतो, मोबाइलवरून पोळ्या मागवतात, घरात पुरणाचा वास दरवळत नाही आणि विकत आणलेल्या पोळीचा नैवेद्य हा काही खरा नैवेद्य नव्हे, असा त्यांचा सूर होता. पाठोपाठ त्यांना दुजोरा देणारी आणखी पत्रं छापून आली. लिहिणारे सगळे पोळी खाणारे होते. मी ती विकतची पोळी करणारी बाई आहे. डोंबिवलीत राहते, घरूनच ऑर्डरी घेते. एरवी रोजच्या घडीच्या पोळ्या, संक्रांतीला गुळाची पोळी, होळी-पाडव्याला पुरणपोळी, दिवाळीत करंज्या आणि अनारसे. ज्या बायकांना या पत्रांत आळशी ठरवलं, त्या माझ्या दारात येतात, माझ्याशी बोलतात. त्यांच्याबद्दल कुणी तरी लिहायला हवं म्हणून हे पत्र.

कोण येतं माझ्याकडे? सरकारी रुग्णालयात नर्स असलेली एक मुलगी येते. होळीला तिला सुट्टी कधी मिळते, कधी नाही. रात्रपाळी संपवून सकाळच्या लोकलने उतरते आणि स्टेशनवरून तडक माझ्याकडे येऊन डबा घेऊन घरी जाते. मनगटाचं ऑपरेशन झालेल्या एक काकू आहेत. त्यांनी आयुष्यभर पन्नास माणसांचं पुरण घातलंय, आता लाटणं धरवत नाही. पोळी हातात घेतली की आधी काठ मोडून बघतात, पुरण काठापर्यंत आलंय का ते. आलेलं नसलं तर मला तिथल्या तिथे सांगतात, आणि मला ते आवडतं. एक काका येतात. काकू गेल्यापासून एकटेच आहेत. पाच पोळ्या नेतात आणि दरवेळी विचारतात, "ताई, कट द्याल ना?" कटाची आमटी ते स्वतः करतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी कागदावर लिहून दिलं होतं. सुकं खोबरं खमंग भाजायचं, गोडा मसाला, चिंच, गूळ, फोडणीत तमालपत्र, आणि आमटी उकळताना थोडं पुरण कालवायचं म्हणजे दाटपणा येतो. आता त्यांना कागद लागत नाही. यातल्या कुणाला सणाची किंमत कळत नाही, असं त्या पत्रलेखकांनी मला समोर येऊन सांगावं.

विकतची पोळी म्हटलं की लोकांना यंत्रातून पडणारी, पंधरा दिवस टिकणारी, प्लास्टिकमधली चकती डोळ्यांसमोर येते. तशीही मिळते, तिच्याबद्दल पुढे लिहितेच. पण आमच्यासारख्या घरगुती बायका काय करतात ते आधी सांगते. डाळ आदल्या रात्री निवडून भिजवायची. पहाटे शिजायला टाकायची, पाण्यात चमचाभर तेल आणि किंचित हळद. डाळ बोटाने दाबली की मोडली पाहिजे, पण तिचं पिठलं होता कामा नये. मग ती चाळणीत ओतून कट पूर्ण निथळू द्यायचा. इथे घाई केली तर पुढचं सगळं बिघडतं, कारण कट राहिला की पुरण सैल होतं आणि पोळी तव्यावर फुटते. मग डाळीइतकाच गूळ घालून जाड बुडाच्या पातेल्यात आटवायचं. चिक्कीचा गूळ मी पुरणाला घेत नाही, पुरण चिवट होतं. आटत आलं की ते फटफट उडायला लागतं, हातावर उडालं तर फोड येतो. झारा मधोमध उभा केला आणि तो पडला नाही की पुरण झालं. गरम असतानाच हाताने फिरवायच्या पुरणयंत्रातून काढायचं, गार झालं की दांडा फिरत नाही. वेलची आणि जायफळ शेवटी.

कणीक त्याच्याही आधी. दोनदा चाळायची, मीठ-हळद घालून सैलसर भिजवायची आणि तेल-पाण्याचा हात लावून तिंबायची. चांगली तिंबलेली कणीक ओढली तर रबरासारखी लांबते, तुटत नाही. ती तासभर तरी मुरली पाहिजे. मग कणकेच्या लहान उंड्यात त्याच्या दुप्पट पुरण. तांदळाच्या पिठीवर अगदी हलक्या हाताने लाटायची, जोर काठावर, मधे नाही. हे माझ्या हाताखालच्या मुलीला शिकवायला फार वेळ लागला, कारण रोजची पोळी लाटणारा हात मधे दाबतोच.

आणि नैवेद्याबद्दल. होळीच्या पुरणाची चव आम्ही बघत नाही. अंघोळ करून ओट्याशी उभं राहायचं, गोडाचा अंदाज रंगावरून आणि वासावरून घ्यायचा. पहिली पोळी माझ्या देवापुढे जाते, मग गिऱ्हाइकांचे डबे भरायचे. मला कुणी तसं करायला सांगितलेलं नाही. या पोळ्या कुणाच्या तरी होळीत आणि कुणाच्या तरी देवासमोर जाणार आहेत हे मला माहीत असतं, म्हणून मी करते. पैसे घेतले म्हणून त्यातला भाव कमी होतो असं मानायचं असेल, तर तिरुपतीचा लाडूही आपण पैसे देऊनच घेतो आणि कपाळाला लावून खातो. सत्यनारायणाला, बारशाला, मुलगा पास झाला म्हणून गणपतीपुढे ठेवायचे पेढे आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापासून हलवायाकडूनच येतात. त्या पेढ्याचा खवा घरी आटवला नाही म्हणून कुणी सुनेला बोल लावल्याचं मी ऐकलेलं नाही. मग पोळीलाच का? मला याचं उत्तर एकच दिसतं. पेढा करणं हा पहिल्यापासून हलवायाचा धंदा मानला गेला, त्याला दाम देणं रास्त वाटलं. पुरणपोळी मात्र घरातल्या बाईने फुकट करायची वस्तू ठरली. तिने ती करायची थांबवली की संस्कृती धोक्यात येते, आणि दुसऱ्या बाईने तीच पैसे घेऊन केली की तिचं पावित्र्य जातं.

माझ्या सासूबाई लालबागला चाळीतल्या एका खोलीत खाणावळ चालवायच्या. घाटावरून आणि कोकणातून आलेले गिरणी कामगार दोन वेळ त्यांच्याकडे जेवायचे. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी, चूल जवळजवळ विझायचीच नाही. सणाला गावी जाता न आलेल्या कामगारांना होळीची पुरणपोळी त्याच खोलीत मिळायची. ती विकतचीच पोळी होती, महिन्याच्या हिशेबात धरलेली. गिरणगावातल्या हजारो पुरुषांनी वर्षानुवर्षं असंच विकतचं अन्न खाल्लं, आणि ते योग्यच होतं. माणूस बारा तास बाहेर असेल तर त्याच्यासाठी कुणी तरी दुसऱ्याने रांधायला हवं, हे सगळ्यांना पटत होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, माणसं गावी परतली आणि सासूबाईंची खाणावळ बसली. अशा खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्येच अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. मुंबई ज्यांच्या कष्टावर उभी राहिली त्यांत या बायकाही आहेत, असं सासूबाई सांगायच्या आणि मलाही ते मनापासून पटतं. आज डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून रात्री परतणारी बाई त्या कामगाराइतकीच दमते. त्याच्या ताटात जे चाललं ते तिच्या ताटात का चालू नये?

पापडाचं उदाहरण घ्या. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्याआधी पापड, कुरडया, शेवया उन्हाळ्यात घरोघरी व्हायच्या. आज पानात विकतचा पापड पडतो आणि त्यावरून कुणाच्या संस्कारांची चर्चा होत नाही.

आणखी एक गोष्ट या पत्रांमध्ये मला कुठेच दिसली नाही. जुन्या काळी घरी पोळ्या व्हायच्या, पण एका बाईने एकटीने कुठे केल्या? सासू पुरण आटवायची, जाऊ यंत्र फिरवायची, नणंद लाटायची, शेजारची वहिनी तव्याशी बसायची. करंज्यांना तर चाळीतल्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन एकमेकींकडे जायच्या, आज तुझ्या उद्या माझ्या. खानदेशात मांडे सगळ्यांना जमत नाहीत. हातावर फिरवून चादरीएवढा मांडा खापरावर टाकणारी बाई लग्नकार्यात मुद्दाम बोलावतात, तिला मान देतात आणि तिचे पैसेही देतात. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक बाई, तिची नोकरी, शाळेच्या परीक्षा तोंडावर आलेली मुलं. होळी नेमकी परीक्षांच्या दिवसांतच येते. त्या चार-पाच जणींचं काम तिच्या एकटीच्या अंगावर टाकून वर तिला आळशी म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली होती. ज्या बायका आपल्या घरचं काम बिनपगारी करतात त्यांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष ते करतात त्यांची ९७. ज्या गृहस्थांना घरात पुरणाचा वास हवा आहे, त्यांनी डाळ निवडण्यापासून सुरुवात करावी. मी खरंच मनापासून सांगते, पुरण घोटायला पुरुषाच्या हातातलं बळ फार कामी येतं. माझ्याकडे यजमान यंत्र फिरवतात.

ज्यांना घरी करायची हौस आहे त्यांनी जरूर करावं. माझ्याकडून काही जणी नुसतं पुरण नेतात आणि पोळ्या घरी लाटतात. एक मुलगी तर यंदा कणीक कशी तिंबायची ते बघायला येऊन बसली होती. पण ते हौसेने व्हावं, धाकाने नको. मला सगळ्यात वाईट कधी वाटतं सांगू? काही जणी घरचा स्टीलचा डबा घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, तुमचं लेबल लावू नका, आणि आमच्याकडे फोन करू नका, मीच करीन." घरी पोळ्या आपण केल्या असं सांगायचं असतं. ती ज्या घाईने डबा पिशवीत तळाशी ठेवते ना, ती बघवत नाही. एवढी शिकलेली, कमावती मुलगी, स्वतःच्या पैशाने चांगलं अन्न घरी नेते आणि चोरी केल्यासारखी जिन्यावरून उतरते. आपल्या पानावर छापली गेलेली पत्रं तिचा हा धाक वाढवतात, म्हणून मला ती झोंबली. तिने घरी जाऊन उजळ माथ्याने सांगावं की पोळ्या विकत आणल्यात, अमुक बाईंकडून. त्यात तिचाही मान आहे आणि माझाही. माझ्या हातची पोळी दुसऱ्याच्या नावावर खपते याचं मला दुःख होतं, ते का लपवू?

आता वाईट मालाबद्दल. तो बाजारात आहे आणि त्याच्यामुळे आम्हीही बदनाम होतो. कणकेऐवजी मैदा, गुळाऐवजी साखर आणि वर पिवळा रंग, तुपाच्या नावाखाली वनस्पती. ओळखायला कठीण नाही. गुळाचं पुरण तांबूस दिसतं, नुसत्या साखरेचं फिकट पिवळं. मैद्याची पोळी गरम असताना मऊ लागते पण गार झाली की वातड होते, कणकेची चांगली तिंबलेली पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि तिसऱ्या दिवशी तुपावर गरम केली तर आणखी खुलते. पाकिटावर घटकांची यादी असते ती वाचा. ज्याचं वजन जास्त ते नाव आधी लिहायचा नियम आहे. साखर पहिली आणि डाळ तिसरी असेल तर ते पाकीट परत ठेवा. अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक बघा. तो आम्हा घरगुती बायकांनाही घ्यावा लागतो आणि मी घेतलाय. तेला-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण म्हणून वनस्पती म्हणजे साजूक तूप होत नाही. विकत घेणाऱ्याने चोखंदळ व्हावं. चोखंदळ गिऱ्हाईक आलं की आमच्यासारख्यांचं भलं होतं.

आणि भाव करू नये. माझी मोठी पुरणपोळी चाळीस रुपयांना आहे. किलोभर डाळीला किलोभर गूळ धरला तर या मापाच्या पंचविसेक पोळ्या होतात. डाळ, गूळ, कणीक, तेल, वेलची-जायफळ, डबा आणि हाताखालच्या दोघींची मजुरी त्या चाळिसातूनच जाते. धंद्याला घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो, तोही त्यातच. "दहा घेते, तीस-तीसने लावा" असं म्हणणारी ताई तिच्या कचेरीत पगारात दहा रुपये कमी घेईल का? तिला मी रागावत नाही, समजावून सांगते. हाताखालच्या दोघींपैकी एकीची मुलगी बारावीला आहे, तिची क्लासची फी या पोळ्यांतून जाते हेही सांगते.

शेवटी एक मागणी आहे. आपल्या दैनिकाने ती उचलून धरावी. घरून काम करणाऱ्या आम्हा बायकांना सोसायट्यांचा त्रास फार होतो. दोन वर्षांपूर्वी होळीच्या आदल्या दिवशी जिन्यात गिऱ्हाइकांची रांग लागते म्हणून मला आमच्या सोसायटीची नोटीस आली होती. जिन्यात गर्दी होते हे खरं आहे, त्यांची तक्रार मी समजू शकते. पण यावर उपाय साधा आहे. होळी, पाडवा आणि गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चार ते आठ सोसायटीच्या आवारात आम्हाला एक टेबल मांडू द्यावं. आम्ही टेबलाचं भाडं देऊ, कचरा आम्ही उचलू, नोंदणीचा कागद समोर लावू. महापालिकेनेही प्रभागातल्या शाळेचं मैदान किंवा समाजमंदिर त्या तीन संध्याकाळींपुरतं बचत गटांना आणि घरगुती बायकांना रास्त भाड्याने द्यावं. पुढच्या होळीच्या ऑर्डरी पौर्णिमेच्या आधी आठ दिवस बंद होतात, कारण डाळ तेव्हाच भरावी लागते. परवानगीचं उत्तर त्याच्या आत मिळावं.

आपली,
एक पोळी करणारी बाई,
डोंबिवली (पूर्व)
(नाव छापू नये ही विनंती. माझ्याकडे लेबल न लावता डबे नेणाऱ्या मुली ओळखल्या जातील.)